ज्याच्या त्याच्या पैशांत नव्वद

प्रज्ञेश हिशोबात कच्चा असता, तर मला केव्हाच झोप लागली असती. कच्च्या मुलांच्या आयांना निदान काय करायचं ते ठाऊक असतं. शिकवणी लावायची, रागवायचं, देवावर श्रद्धा असेल तर नवस बोलायचा. माझा मुलगा पक्का आहे. बारावीला गणितात अठ्ठ्याण्णव. मिलिमीटरचा शंभरावा भाग इकडचा तिकडे झाला, तर हातातलं तयार पेन भंगारात टाकतो. असा हा मुलगा उद्या, सोमवारी, सकाळी अकरा वाजता वडिलांना सोबत घेऊन बँकेत जाणार आहे. धायरीचा गाळा त्यांच्या नावावर आहे. त्यांच्या सहीने तो गहाण पडेल, आणि त्या पैशांतून अकरा लाखांचा माल तयार करून प्रज्ञेश तो दोन लाखांना विकेल. चुकून नव्हे. चूक असती तर दाखवता आली असती. हा तत्त्वाचा प्रश्न आहे, आणि तत्त्वापुढे आईचं काही चालत नाही.

प्रज्ञेश चौतीस वर्षांचा आहे आणि शाईची पेनं बनवतो. कडक केलेल्या रबराच्या कांड्या येतात, त्यांना एबोनाइट म्हणतात. त्या लेथवर कातून, पोखरून, घासून तो पेनं घडवतो. निब जर्मनीहून मागवतो. चाकणच्या एका कारखान्यात सात वर्षं चांगली नोकरी होती, ती सोडून हे सुरू केलं. मुली बघताना समोरचे विचारतात, "मुलगा काय करतो?" आम्ही सांगतो, "पेनं करतो." ते विचारतात, "एजन्सी आहे का?" आम्ही सांगतो, "नाही, स्वतः करतो." त्यानंतर पोहे फार लवकर संपतात.

पण पेनं सुंदर असतात, हे आई म्हणून नव्हे, वापरणारी म्हणून सांगते. हे सगळं मी त्याच्याच पेनने लिहिते आहे. इंग्लंड-अमेरिकेत शाईच्या पेनांचे वेड लागलेले लोक आहेत. त्यांची इंटरनेटवर मंडळं आहेत. तिथे कुणीतरी आमच्या पेनाचा फोटो टाकला आणि खडकीतल्या दोन खोल्यांच्या घरात जगभरातून ऑर्डरी येऊ लागल्या.

आता पाटीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथून सुरू होतं.

धायरीच्या गाळ्यात शिरलं की समोर निळ्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं दिसतं: 'सर्वांना एकच भाव.' ही पाटी प्रज्ञेशच्या बाबांनी स्वतः रंगवली आहे. हे, म्हणजे पोपटराव, दारूगोळा कारखान्यात छत्तीस वर्षं टर्नर होते. नोकरीत असताना संध्याकाळी एका मित्राच्या लेथवर लहानसहान कामं करायचे. मिक्सरचं बुश, सायकलची पिन. साहेबाच्या बायकोला आठ रुपये, शिपायालाही आठ रुपये. साहेबाला जास्त लावा, त्याला परवडतं, असं मित्र सांगायचा. हे म्हणायचे, "आज माणूस बघून भाव लावला, की उद्या मी त्या दुकानदारासारखा होईन." तो दुकानदार यांच्या गावचा. माझे सासरे सीताराम यांना त्याने आयुष्यभर मीठ वेगळ्या भावाने विकलं, आणि पुडी हातात न देता ओट्यावरून खाली टाकली. निवृत्तीचे पैसे मिळाले तेव्हा यांनी धायरीला गाळा घेतला, लेथ घेतलं आणि आधी पाटी लावली, मग वीज आली. पुण्याच्या पेठांत 'एकच भाव' म्हणजे गिऱ्हाइकाने तोंड उघडू नये अशी सूचना असते. आमच्याकडे ती वेगळ्या कारणाने लागली. त्या पाटीची मी कधी थट्टा केली नाही, आजही करणार नाही.

थट्टा करायची ती पुढच्या भागाची.

पहिलं परदेशी गिऱ्हाईक अमेरिकेचं होतं. त्याने पेनाचे नव्वद डॉलर दिले. दुसरे हॅम्बुर्गचे एक डॉक्टर. त्यांनी किंमत युरोत विचारली. प्रज्ञेश लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात आला.

"आई, युरोत किती सांगू?"

"डॉलरचे युरो किती होतात बघ आणि सांग."

"चौऱ्याऐंशी होतात. म्हणजे अमेरिकेच्या माणसाने नव्वद द्यायचे आणि जर्मनीच्या माणसाने चौऱ्याऐंशी?"

"अरे, युरो मोठा असतो."

"मोठा म्हणजे? त्याला पगार युरोतच मिळतो ना? त्याच्या खिशातले नव्वद आणि त्या अमेरिकन माणसाच्या खिशातले नव्वद. ज्याच्या त्याच्या पैशांत नव्वद. कुठलं चलन वरचं आणि कुठलं खालचं, हे ठरवणारा मी कोण?"

बाहेर यांनी टीव्हीचा आवाज बंद केला. "काय म्हणालास? पुन्हा म्हण."

तो पुन्हा म्हणाला. यांचे डोळे भरून आले. "ललिता, पाटी खरी कुणी वाचली बघ," असं म्हणून ते गॅलरीत जाऊन उभे राहिले.

आणि मी काय केलं? मी अर्थशास्त्रात बी.ए. आहे. परकीय चलनाचा धडा मी परीक्षेत ऑप्शनला टाकला होता. त्या वर्षी नेमका त्यावर प्रश्न आला नाही, म्हणून गेली अडतीस वर्षं मी स्वतःला हुशार समजत होते. प्रज्ञेशने साइटसाठी ते वाक्य इंग्रजीत लिहून मागितलं आणि मी लिहून दिलं. एकच भाव सर्वांना, आपापल्या पैशांत नव्वद. 'आपापल्या'साठी चांगला शब्द सापडावा म्हणून अर्धा तास शब्दकोश चाळला. हिशोबासाठी अर्धा मिनिटही नाही.

तत्त्वाला पहिला घाम फुटला तो जपानमुळे. एका जपानी गृहस्थांनी विचारलं, नव्वद येन का? नव्वद येन म्हणजे खडकी बाजारात दोन वडापाव, चटणी धरून. प्रज्ञेश दोन दिवस विचार करत होता. मग त्याने जपानसाठी नऊ हजार केले.

"हा अपवाद का रे?" मी विचारलं.

"नाही. आपल्या रुपयाचे शंभर पैसे होतात तसे येनचे होत नाहीत. त्यांचा येन म्हणजे पैसाच समज. दोन शून्यं द्यावीच लागतात. हे भाषांतर आहे, आई."

मला पटलं. त्या काळात मला सगळंच पटायचं.

पहिलं वर्ष बरं गेलं, हेही सांगायला हवं. एक पेन घडवून, डबीत घालून परदेशात पोचवेपर्यंत साडेपाच हजार रुपये खर्च येतो. नव्वद डॉलरचे साडेसात हजार व्हायचे, नव्वद पौंडांचे साडेनऊ हजारांच्या वर. ऑस्ट्रेलियाच्या नव्वद डॉलरांचे पाच हजारही होत नसत, पण ऑस्ट्रेलियात गिऱ्हाइकं होती चार. "तिकडचं इकडून भरून निघतं," असं प्रज्ञेश म्हणायचा. यांना तर नवा छंदच लागला. निवृत्त माणसं सकाळी खडकवासल्यात पाणी किती झालं ते विचारतात. हे पौंड किती झाला ते विचारायचे आणि कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांशेजारी लिहून ठेवायचे.

मग एका मंडळात कुणीतरी लिहिलं, की साइटवर किंमत दिसण्याआधी 'आपलं चलन निवडा' असं येतं, तिथे ऑस्ट्रेलिया निवडावं, पेन जवळजवळ निम्म्यात पडतं. महिनाभरात सगळं जग ऑस्ट्रेलियात राहायला गेलं. हॅम्बुर्गचे डॉक्टर ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये पैसे देऊ लागले. स्कॉटलंडचे एक पाद्री, माणूस सज्जन, दर ख्रिसमसला शुभेच्छा पाठवणारा, तोही ऑस्ट्रेलियन झाला. पार्सल मात्र स्कॉटलंडलाच पाठवायचं.

"अरे, ज्याचं पार्सल स्कॉटलंडला, त्याला पौंडच लाव," मी म्हटलं.

"म्हणजे काय करू? कागदपत्रं मागू? तुम्ही मूळचे कुठले, म्हणून विचारू?" प्रज्ञेश शांतपणे म्हणाला. "आपल्याला कुणी असं विचारलं की कसं वाटतं, आई?"

या वाक्यावर घरात कुणी काही बोलू शकत नाही. त्याला ते ठाऊक आहे.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी खडकीच्या घरी रावसाहेब नावाचे एक गृहस्थ आले. पंचाहत्तरीचे असतील. इस्त्रीचा पांढरा शर्ट, मोज्यांवर सँडल, हातात आमच्या साइटचं छापून आणलेलं पान, चार घड्या घातलेलं. शनिवार पेठेतून बसने आले होते आणि तिकीट अजून हातातच होतं.

"पेनं करणारे प्रज्ञेश आपणच?"

"हो. जय भीम. बसा ना."

"नमस्कार. बसतो. चहा नको. हे वाक्य आपण लिहिलंत?"

"आईने लिहिलंय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "इंग्रजी निर्दोष आहे. मजकुराबद्दल नंतर बोलू."

त्यांनी तीन पेनं लिहून पाहिली. तिन्हींनी स्वतःचा पूर्ण पत्ता लिहिला, पिनकोडसकट. काळं पसंत केलं. पाकीट काढून पन्नासची एक आणि वीसच्या दोन नोटा टेबलावर ठेवल्या आणि हाताने सरळ केल्या.

"हे काय?" मी विचारलं.

"नव्वद. मी भारतीय. माझा पैसा रुपया. आकडा आपलाच आहे."

साइटवरच्या यादीत रुपया नव्हताच. इथल्या गिऱ्हाइकांना प्रज्ञेश फोनवर सात हजार सांगायचा, आणि या विसंगतीकडे आमच्यापैकी एकाचंही लक्ष गेलं नव्हतं. बारावीला अठ्ठ्याण्णव, अर्थशास्त्रात बी.ए. आणि कॅलेंडरवर पौंड लिहिणारे, असे तिघं होतो आम्ही.

प्रज्ञेशचे कान लाल झाले. मग त्याने नोटा उचलल्या आणि पेन डबीत घातलं.

"अरे!" मी ओरडले.

"आई, वाक्य आपलं आहे."

"बिल द्या," रावसाहेब म्हणाले.

माझा तोल गेला. "साडेपाच हजारांची वस्तू नव्वद रुपयांत नेताना लाज नाही वाटत तुम्हाला?" याच्या पुढचं वाक्य, आमच्या माणसांकडून फुकटात काम करून घ्यायची सवय पेठांना जुनीच आहे, हे मी गिळलं. पण त्यांना ते ऐकू आलं असावं, कारण ते क्षणभर खाली बघत राहिले.

"बाई, लाज वाटावी म्हणूनच आलो होतो," ते म्हणाले. "मला नव्हे, यांना. बत्तीस वर्षं मी बँकेच्या परकीय चलन विभागात काढली. बुडणारे पुष्कळ पाहिले. इतक्या सुबक अक्षरांत जाहीर करून बुडणारे हेच पहिले."

मग त्यांनी प्रज्ञेशला पाच मिनिटांत सांगायचं ते सांगितलं. भाव एकच ठेवा, पण तो रुपयांत ठेवा. सात हजार म्हणजे सात हजार, पुण्याला आणि पॅरिसलाही. दर महिन्याच्या एक तारखेला प्रत्येक देशाचा आकडा नव्याने काढा आणि साइटवर टाका. निब युरोत घेता, तर युरोत आलेले पैसे परकीय चलनाच्या खात्यात ठेवून त्यातूनच निबवाल्याला द्या. युरोचे रुपये आणि रुपयांचे पुन्हा युरो करून दोन्ही वेळा बँकेला जेवू घालू नका. "मी बँकेतच होतो, म्हणून सांगतो. भूक फार असते."

"दर महिन्याला आकडा बदलायचा म्हणजे दर महिन्याला शब्द बदलायचा," प्रज्ञेश म्हणाला.

"हाँगकाँगचा कुणी आला का अजून?"

"नाही. का?"

"येईल. आला की फोन करा." त्यांनी एक कार्ड ठेवलं. त्यावर नावाखाली छापलं होतं: 'फोन सकाळी सहा ते साडेसहा. न उचलल्यास पुन्हा करू नये.' मग डबी पिशवीत घालून, बिलावरची तारीख तपासून ते गेले.

"शनिवार पेठेतून येऊन अक्कल शिकवून गेला," हे म्हणाले. "वर पेनही घेऊन गेला."

त्या दिवशी आम्हा नवरा-बायकोचं पूर्ण एकमत होतं. आमच्या संसारात असा प्रसंग क्वचितच येतो, म्हणून लक्षात राहिला. कार्ड मी पोळपाटाखाली सरकवलं. फाडलं नाही, एवढंच.

दोन आठवड्यांपूर्वी हाँगकाँगचा आला.

पेनांचा व्यापारी आहे. पत्र अतिशय अदबीने लिहिलेलं. तुमचं तत्त्वज्ञान वाचून भारावून गेलो. अशा घराशी संबंध जोडणं हा सन्मान समजू. दोनशे पेनं हवीत, आपापल्या पैशांत नव्वदप्रमाणे. सोमवारपर्यंत होकार कळवावा. प्रज्ञेश गिऱ्हाइकांच्या पत्रांना शेवटी 'जय भीम' लिहितो, हे त्या माणसाने कुठेतरी वाचलं असणार. त्यानेही सहीच्या वर लिहिलं होतं: 'जय भीम.'

त्या दोन शब्दांवर हे विरघळले. "हाँगकाँगहून!" म्हणाले. मोबाइलवर त्या पत्राचा फोटो काढून निवृत्त टर्नरांच्या ग्रुपवर टाकला. एक्केचाळीस जणांनी हात जोडले.

मी हाँगकाँगच्या डॉलरचा भाव बघितला. अकरा रुपयेसुद्धा नाही. नव्वदचे हजारही होत नाहीत. एका पेनामागे साडेचार हजारांचं नुकसान, दोनशे पेनं. कच्च्या मुलालाही करता येईल असं गणित आहे. निबवाल्याला आगाऊ पैसे लागतात, रबराच्या कांड्या लागतात, म्हणून गाळ्यावर कर्ज.

"अहो, तुम्ही तरी सांगा त्याला," मी यांना म्हटलं. "तुम्ही साहेबाला आठ रुपये सांगायचात आणि शिपायालाही आठ रुपये. आठ नाणी द्या, असं नव्हता सांगत. साहेबाने आठ चाराणे पुढे केले असते, तर घेतले असतेत का?"

हे विचारात पडले. मला वाटलं, जमलं.

"शिपायाने केले असते तर घेतले असते," ते म्हणाले.

"हा शिपाई आहे का? व्यापारी आहे तो! दोनशे पेनं विकून जागा घेईल हाँगकाँगमध्ये!"

"तू बी.ए. आहेस. तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही." टीव्हीचा आवाज वाढला.

प्रज्ञेश आवाज वाढवत नाही. त्यामुळे त्याच्याशी भांडणं जास्त अवघड. तो म्हणाला, "आई, रावसाहेबांना मी नव्वद रुपयांत पेन दिलं. दिलं ना? तेव्हा एकच होतं, परवडत होतं, म्हणून शब्द पाळला. आता दोनशे आहेत, परवडत नाही, म्हणून मोडला, असं झालं तर मी कोण? ते म्हणतील, तत्त्व पाच हजारांपर्यंतचं होतं."

"कोण म्हणेल? ते शनिवार पेठेत बसलेत!"

"म्हणू देत की नको देत. बिल आहे त्यांच्याकडे."

म्हणजे नव्वद रुपयांचं ते एक बिल आमच्या गाळ्यावर बसलं आहे. निबवाला नाही, बँक नाही, हाँगकाँगसुद्धा नाही.

काल शनिवारी मी धायरीला गेले. का गेले, ते घरी सांगितलं नाही. गहाण पडण्यापूर्वी एकदा बघावं, एवढंच मनात होतं. यांच्या छत्तीस वर्षांतून ती एकच जागा उरली आहे. प्रज्ञेश कांड्या आणायला गेला होता. जास्तीची किल्ली माझ्याकडे असते. आत तेलाचा आणि जळक्या रबराचा वास. लेथ पुसून झाकून ठेवलेलं. समोर ती पाटी.

पाटीच्या खाली भिंतीला नऊ पोस्टकार्डं टाचलेली होती.

पोस्टकार्ड अजून मिळतं, हेच मला ठाऊक नव्हतं. नऊही एकाच अक्षरात, काळ्या शाईत, दर महिन्याच्या एक तारखेची. 'पेन उत्तम चालते. शाई ओघळत नाही. आज पौंड एकशे सहा. रावसाहेब.' 'निब थोडे कोरडे वाटले, धुतल्यावर सुधारले. दोष माझ्या शाईचा. आज युरो एक्क्याण्णव.' एकात लिहिलं होतं, 'बिल जपून ठेवले आहे. ज्या दिवशी योग्य किंमत सांगाल त्या दिवशी परत करीन व फरक भरीन.' शेवटच्या कार्डावर, या महिन्याच्या एक तारखेच्या, एकच शब्द आणि प्रश्नचिन्ह: 'हाँगकाँग?'

हा मुलगा घरी त्या माणसाचं नाव निघालं की उठून जातो. आणि इथे त्याची पत्रं बाबांच्या पाटीखाली ओळीने लावली आहेत, पातळी लावून मोजल्यासारखी.

शेवटच्या कार्डाच्या खालच्या कोऱ्या जागेत पेन्सिलने प्रज्ञेशचं अक्षर होतं. बारीक, लेथवरच्या मापांसारखं. 'रु. ७०००. डॉलर ८३. युरो ७८. पौंड ६५. ऑस्ट्रेलिया १२७. हाँगकाँग ६४८.' म्हणजे सगळं करून झालं होतं. बँकेचा फॉर्म भरण्याआधी की नंतर, ते कळायला मार्ग नाही. त्यावर एकच रेघ मारली होती, हलकी, खालचं वाचता येईल अशी. माझा मुलगा एखादी गोष्ट खरंच रद्द करतो तेव्हा असं करत नाही. पेन भंगारात टाकतो तेव्हा आधी त्याचे दोन तुकडे करतो.

मी कार्डाला हात लावला नाही. कुलूप लावून परत आले. स्वारगेटपर्यंत बसमध्ये उभी होते आणि माझ्या लक्षात आलं, की हे दोघंही बापलेक कुणीतरी आपल्याला थांबवण्याची वाट बघताहेत, पण थांबवणारं माणूस घरचं असून चालणार नाही. घरच्या माणसाने थांबवलं तर ती माघार. ज्याच्याकडे बिल आहे त्याने सांगितलं, तर तो हिशोब.

आज रविवार गेला. पँटला इस्त्री झाली, बँकेची फाइल दाराशी ठेवली आहे, हे आत घोरताहेत. हाँगकाँगला पाठवायचं होकाराचं पत्र प्रज्ञेशने तयार ठेवलं आहे, अजून पाठवलेलं नाही. सही झाल्यावर पाठवणार म्हणे.

पोळपाटाखालचं कार्ड मी काढलं. एका कोपऱ्यावर कणीक वाळली होती, ती नखाने खरवडली. गेले दोन तास मी मनाशी भांडते आहे. त्या माणसाला मी लाज काढून बोलले होते. माफी मागावी तर मनातल्या न बोललेल्या वाक्याचीही मागावी लागेल, आणि ते वाक्य सगळं खोटं आहे असं मला आजही म्हणता येणार नाही. पण ते या माणसासाठी नव्हतं. नऊ महिने न चुकता पोस्टात जाणाऱ्यासाठी नव्हतं. हेही उद्या दुखावतील. शनिवार पेठेला विचारून धायरीचा निर्णय, असं म्हणतील. म्हणू देत. टीव्हीचा आवाज सकाळी सहाला फार वाढवता येत नाही, शेजारी ओरडतात.

तर ठरलं. सहा वाजता हे चहा घेत कॅलेंडरपाशी पौंड लिहायला उभे राहतात आणि प्रज्ञेश दात घासून बाहेर येतो. तेव्हाच मी फोन लावणार आहे, दोघांसमोर, स्पीकरवर. नमस्कार-चमत्कारात वेळ घालवणार नाही, ते त्यांनाही आवडणार नाही. "हाँगकाँगचा आला आहे, आज अकराला सही आहे, बिल घेऊन या," एवढंच सांगेन. आणि सल्ल्याची फी किती, ते आधीच विचारून घेईन. शनिवार पेठेत घेत असतील तेवढीच घ्यायची. खडकीचे म्हणून कमी नाही, खडकीचे म्हणून जास्त नाही. आणि आकडा रुपयांत सांगायचा.